चाचणि आणि चाचणी

मला राग लवकर येतो. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी "अहो, पण बाई..." करत यायला नको. सव्वीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. चुकीची वेलांटी दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मग ती लग्नपत्रिकेत असो नाहीतर तेराव्याच्या कार्डावर. तसलं एक कार्ड मी लाल पेनानं दुरुस्त करून त्याच घरी परत पाठवलं होतं. वर्षश्राद्धाचं कार्ड त्यांनी आधी मला दाखवलं आणि मग छापलं.

निवृत्त झाल्यावर कसबा पेठेत, एका तांब्या-पितळेच्या दुकानावरच्या खोलीत मी विवाह मंडळ काढलं. फक्त पन्नाशी उलटलेल्यांसाठी. विधवा, विधुर, घटस्फोट झालेले आणि ज्यांचं राहूनच गेलं असे. मी स्वतः त्या शेवटच्या प्रकारात मोडते. सरोजिनी वर्तक, वय सत्तावन्न. यादीत सहाशे चाळीस माणसं आहेत आणि दर सोमवारी अकरा वाजता त्यांच्या फोनवर नव्या स्थळांचा मेसेज जातो. तो मी पाठवत नाही, स्क्रिप्ट पाठवते. स्क्रिप्ट म्हणजे कंप्युटरला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. हे उघड, ते वाच, याला पाठव. ती मला शकीलनं लिहून दिली. शकील तांबोळी हा माझ्या मैत्रिणीचा, अख्तरबानूचा मुलगा. हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे, मला मावशी म्हणतो. अख्तरबानू आणि मी एका बाकावर शिकलो, तिचं शुद्धलेखन माझ्याइतकंच चोख. पोराला इंग्लिश मीडियमला घातलं आणि तिथं घोळ झाला.

आता श्याम हळबे. हे सांगताना या वयात कान गरम होतात, पण सांगायला तर हवंच.

हळबे एकसष्ट वर्षांचे, हवामान खात्यातून निवृत्त, विधुर. दोन वर्षांपूर्वी नाव नोंदवायला आले. अर्ज भरला, तीन पानांचा, आणि त्यात एकही चूक नव्हती. 'दुरुस्ती'मधला पहिला उकारसुद्धा ऱ्हस्व! मी अर्ज दोनदा वाचला आणि मग माणसाकडे पाहिलं. मी तिथंच गारद झाले. तेव्हापासून दर सोमवारी मी त्यांना फोन करायची, "हळबे, स्थळ आलंय, येऊन जा," आणि ते साडेअकराला यायचे. मी स्थळ वाचून दाखवायची आणि लगेच नापासही करायची. या बाई फार बोलतात. या अजिबात बोलत नाहीत. यांनी 'अपेक्षा'तला 'क्ष'च खाल्लाय. हळबे मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि पुढच्या सोमवारी यायचे. मला वाटायचं, हे असंच चालेल. वेड्यासारखी खूश होते मी.

आणि मग कुसुम केळकर आल्या. बिबवेवाडीत मसाल्यांचा छोटासा धंदा, हसतमुख, साठीच्या. एका सोमवारी काही विचारायला म्हणून जिना चढून वर आल्या, तर हळबे समोरच बसलेले. मग ते तीनदा भेटले. कुसुमताईंचा अर्ज मी भिंग घेऊन वाचला हो! एक चूक सापडेना. शेवटी त्यांनीच सांगितलं, "सोमवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही दोघं येतो तुमच्याकडे. काय ते पक्कं करू." मी "वा, वा" म्हटलं. मग घरी जाऊन भरपूर रडले आणि रडून झाल्यावर थालीपीठ खाल्लं.

तो सोमवार उजाडला. शकील त्या दिवशी घरूनच काम करत होता, म्हणून सकाळी नवी स्क्रिप्ट घेऊन आला. आता मेसेजखाली एक ओळ आपोआप जाणार होती, 'स्थळ पसंत असल्यास १ दाबा.' त्यानं माझ्या कंप्युटरवर चाचणीसाठी एक वेगळा फोल्डर केला. त्यात एक छोटी यादी ठेवली, आणि त्या यादीत एकच नंबर, माझा.

"मावशी, स्क्रिप्ट आधी या फोल्डरमध्ये जाणार, तिथली यादी वाचणार आणि मेसेज पाठवणार. म्हणजे फक्त तुम्हालाच येणार. टेस्टिंग."

एवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला. "तुम्ही मजकूर काहीही टाइप करा आणि एंटर दाबा, मी आलोच," असं म्हणून तो गॅलरीत गेला.

मी चष्मा लावला आणि पडद्यावर पाहिलं. फोल्डरचं नाव होतं 'चाचणि'.

ऱ्हस्व! णला ऱ्हस्व वेलांटी! माझ्या कंप्युटरवर! कंप्युटरवर लाल पेन चालत नाही म्हणून, नाहीतर तिथंच गोल केला असता. मी फोल्डरच्या नावावर गेले, ऱ्हस्व काढली, दीर्घ दिली. 'चाचणी'. बघून जिवाला जरा बरं वाटलं.

मग मजकूर. काहीही टाइप करा म्हणाला होता. फक्त माझ्याच फोनवर येणार होतं. संध्याकाळी सहाला सगळं संपणारच होतं, तर म्हटलं, निदान एकदा ते लिहिलेलं तरी बघावं, स्वतःच्या फोनवर, छापल्यासारखं. मग पुसून टाकू. मी लिहिलं:

'सरोजिनी वर्तक. वय ५७. उंची कमी, राग जास्त. शुद्धलेखन निर्दोष. अपेक्षा: श्याम हळबे. अन्य कोणी चौकशी करू नये.'

आणि दाबला एंटर.

पडद्यावर भराभरा काहीतरी सरकायला लागलं. आधी इंग्रजीत एक लाल ओळ दिसली आणि वर निघून गेली, मग पांढऱ्या ओळीच ओळी. मी फोन हातात धरून बसले. माझा फोन काही वाजेना. एक मिनिट झालं, दोन झाली. मग खालच्या दुकानातून ठोकाठोक थांबली आणि हिंदुराव, म्हणजे आमचे घरमालक आणि यादीतले नंबर अकरा, जिन्यातून ओरडले:

"बाई! हे हळबे कोण?"

"कोण हळबे?" मी वरून विचारलं. दुसरं काही सुचेचना.

"तुम्हीच लिहिलंय, मी काय सांगू? आणि मी एक दाबला तर चालेल का?"

शकील गॅलरीतून धावत आला. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"मावशी, काय केलंत?"

"तू सांगितलंस तेच. एंटर."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तुझी वेलांटी सुधारली."

तो मटकन खुर्चीत बसला. "अहो, स्क्रिप्टमध्ये मी ऱ्हस्वच लिहिलंय! तिनं 'चाचणि' शोधला, तो सापडलाच नाही. म्हणून ती बाहेरच राहिली, आणि बाहेर यादी कोणती आहे? मेन! सहाशे चाळीस!"

"तू मुळात ऱ्हस्व लिहिलंसच का?"

"'आणि'मधला णि ऱ्हस्व असतो म्हणून!"

"'आणि' अव्यय आहे, गाढवा! अपवाद आहे तो!" मी किंचाळले. माझी आयुष्यभराची अब्रू पुण्यात घरोघर वाजत होती आणि मी व्याकरण शिकवत होते. "आणि फोल्डर सापडला नाही, तर मग थांबायचं नाही का? माणूस असता तर म्हणाला असता, बाई, खोली दिसत नाही, काय करू?"

"म्हणाली ना ती. ही बघा." त्यानं पडदा वर सरकवून ती लाल ओळ दाखवली. "या लँग्वेजचं डिफॉल्टच तसं आहे मावशी. कमांड चुकली की लाल अक्षरांत सांगते आणि पुढची ओळ करायला घेते. थांब म्हणून आपण वेगळं लिहायचं असतं. ते माझं राहिलं."

"म्हणजे न्हाणीघर सापडलं नाही, तर 'सापडलं नाही' म्हणायचं आणि दिवाणखान्यातच अंघोळ उरकायची?"

"डिफॉल्ट तेच," शकील म्हणाला. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं, पण ओठ थरथरत होते. मग मीही फसकन हसले, आणि आम्ही दोघं खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिलो. ते हसू होतं की भीती, देव जाणे. टेबलावर मंडळाचा फोन पोळपाटावरच्या लाटण्यासारखा गडगडत सरकत होता.

उत्तरं येत होती. यज्ञेश्वर नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ: 'अन्य कोणी या शब्दांत प्रस्तुत सदस्याचा समावेश होतो काय, ते कळवावे.' सदाशिव पेठेतल्या एक बाई: 'संचालिकेनं आधी स्वतःचं ताट वाढून घेतलं तर. छान.' आप्पासाहेब नावाचे कोणी: 'राग जास्त म्हणजे नेमका किती?' आणि एक्केचाळीस पुरुषांनी, मोजून एक्केचाळीस, १ दाबलं होतं. तीस वर्षांपूर्वी कुठं होते मेले!

पण मला यातलं काहीच दिसत नव्हतं. मी एकच नाव शोधत होते. "हळबेंना गेला का?" मी विचारलं.

शकील ओळी बघत खाली गेला आणि थांबला. पांढऱ्या ओळींत पुन्हा एक लाल ओळ. "नंबर चारशे सतरा. श्याम हळबे. नाही गेला. इथंही तेच, एकाचा गेला नाही, तर तेवढं सांगून पुढच्याला पाठवलंय. सहाशे एकोणचाळीस गेले, एक राहिला." त्यानं डोळे बारीक केले. "नंबर नऊच आकडी आहे, मावशी. शेवटचा आकडा नाही. दोन वर्षं एकही मेसेज गेलेला नसणार यांना."

माझा जीव भांड्यात पडला. साऱ्या पुण्याला कळलं होतं आणि ज्याला कळायला नको होतं तेवढा एकच माणूस सुटला होता! मला नाचावंसं वाटलं.

"सांगा पूर्ण नंबर, दुरुस्त करतो," शकील म्हणाला आणि टायपायला बसला.

"खबरदार हात लावलास तर!"

त्यानं बोटं कीबोर्डवरून उचलली. पोरगं वेलांटीत कच्चं असलं तरी बाकी हुशार आहे. हळूच म्हणाला, "मावशी, हा नंबर टाइप कुणी केला होता?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

खरं सांगते. मीच केला होता. तो अर्ज दोनदा वाचल्यावर, त्याच दुपारी. नऊ आकडे लिहिले आणि दहाव्यापाशी बोट थांबलं. मेसेज त्यांना आपोआप गेले, तर मी फोन कशाला करणार, आणि ते जिना कशाला चढणार? शिवाय बायकांना जी माहिती जायची तिच्यातही तोच नंबर, त्यामुळे दोन वर्षांत एकीचाही फोन त्यांना लागला नव्हता. कुसुमताई तेवढ्यासाठीच तर बिबवेवाडीहून आल्या होत्या, नंबर लागत नाही म्हणून.

आणि नेमका त्यांचाच फोन आला. मी शकीलला गप्प बसायची खूण केली.

"सरोजिनीताई, मलाही आलाय मेसेज," कुसुमताई म्हणाल्या. मागे मिक्सर चालू होता, तो त्यांनी बंद केला. "खरं आहे का ते?"

चाचणी होती, चुकून गेलं, यंत्राचा दोष, सगळं जिभेवर आलं होतं. "खरं आहे," मी म्हटलं.

"मग त्यांना सांगितलंत का कधी?"

"नाही."

"हे बघा, मी काही मोठेपणा करणार नाही. मला माणूस आवडलाय. पण ज्याच्यावर दुसरीनं अजून पाणी सोडलेलं नाही, तो मला नको. आज सहापर्यंत वेळ आहे. तुम्ही त्यांच्याशी बोला, मला फोन करा. सहा वाजले आणि तुमचा फोन आला नाही, तर मी येऊन हो म्हणणार. मग मात्र तोंड पाडायचं नाही. जेवणाला यायचं आणि जिलबी खायची." फोन बंद. मिक्सर परत सुरूही झाला असेल.

एक वाजला, दोन वाजले. शकील घरी जाऊन जेवून परत आला. मी कपाट आवरलं, पुसलेलं टेबल परत पुसलं. चार वाजता शकील म्हणाला, "मावशी, लाल अक्षरांत सांगून झालंय सगळ्यांना. आता पुढची ओळ घ्या."

"मला शिकवू नकोस," असं म्हणून मी फोन उचलला आणि हळबेंचा नंबर फिरवला. दहाही आकडे, कागदाकडे न बघता. शकीलनं छताकडे पाहिलं.

"हळबे, या."

"सहाला येतोच आहे की."

"आत्ता या."

ते सव्वापाचला आले. शकील "मी हिंदुरावांकडे बसतो" म्हणून खाली सटकला. हळबे नेहमीच्या खुर्चीवर बसले, मांडीवर पिशवी. मी चहा विचारायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "मला तुमच्याशी लग्न करायचंय."

असं काही म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. आधी हवापाण्याचं बोलणार होते.

हळबेंनी चष्मा सारखा केला. मग मात्र माझ्या तोंडाचा नळ सुटला. चाचणि, चाचणी, लाल ओळ, सहाशे एकोणचाळीस लोक, कुसुमताईंची सहाची मुदत, जिलबी. सगळं ओतलं. पडदा त्यांच्याकडे वळवला आणि माझा मजकूर वाचायला लावला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"हा मला आला नाही," ते म्हणाले.

"तुमचा नंबर चुकलाय यादीत. शेवटचा आकडा राहिलाय."

"राहिला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्याकडून?"

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता स्वतःची कबूल करायची होती. "राहिला नाही. गाळला. दोन वर्षं झाली. तुम्हाला मेसेज जाऊ नयेत म्हणून. फार वाईट केलं मी. तुम्ही विश्वासानं नाव नोंदवलंत, आणि मी... तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा."

"मला माहीत होतं," हळबे म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"मेसेज येत नाही ते. पहिल्याच महिन्यात. पेन्शनच्या रांगेत शेजारच्या गृहस्थांचा फोन वाजला, तुमच्या मंडळाचा मेसेज. सोमवार, अकरा वाजलेले. त्यांना आला, मला नाही. घरी येऊन तुमचा नियमांचा कागद काढला. कलम चार, मेसेज न मिळाल्यास त्वरित लेखी तक्रार करावी."

"मग का नाही केलीत?"

हळबे पिशवीचे बंद उगाच सारखे करत राहिले. पहिल्यांदाच त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

"तक्रार केली असती, तर तुम्ही नंबर दुरुस्त केला असतात."

पुण्यातला माणूस. निवृत्त. हातात लेखी नियम. समोर ढळढळीत चूक. आणि दोन वर्षं, एकशे चार सोमवार, एका शब्दाची तक्रार नाही! अहो, आमच्याकडे दूध पाच मिनिटं उशिरा आलं तर लोक पत्र लिहितात! मला हसू येत होतं, रडू येत होतं, दोन्ही एकदम येत होतं आणि पदराचं टोक सापडत नव्हतं.

"मग कुसुमताईंना का भेटत होतात?" मी नाक पुसत विचारलं. राग कुठं जातो?

"तुम्ही त्यांना नापास केलं नाहीत. मला वाटलं, तुमचं मत बदललं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "सहाला सात कमी आहेत. फोन करा त्यांना. की मी करू?"

"मीच करते."

घड्याळाकडे बघत बघत नंबर लावला, पलीकडून 'हॅलो' आलं, आणि मी एका दमात म्हटलं, "सांगितलं मी त्यांना! ते हो म्हणालेत! आम्ही लग्न करतोय!"

पलीकडून एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "बरं. मग आम्ही काय करू?"

राँग नंबर. मी आकडा चुकवला होता. हळबेंनी माझ्या हातातून फोन घेतला, त्या गृहस्थांची माफी मागितली आणि कुसुमताईंचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचत स्वतः लावून दिला. सहाला चार कमी होते. कुसुमताईंनी पहिल्याच रिंगला उचलला.